चंद्राला आरसा करून १४४ मेगाहर्ट्झवर संपर्क: एका यागीने सुरुवात

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कुठल्याही मोठ्या वस्तूवर रेडिओ लहरी आदळल्या की त्यांचा थोडा भाग खाली परत येतो. त्यासाठी त्या वस्तूवर रिपीटर नको, ट्रान्सपॉन्डर नको, वीजही नको. अमेरिकेने १२ ऑगस्ट १९६० रोजी सोडलेला एको-१ हा सुमारे ३० मीटर व्यासाचा चकचकीत फुगा याच कामासाठी होता. १९६४ चा एको-२ त्याहून मोठा, ४१ मीटरचा. दोन्ही फुगे त्याच दशकात वातावरणात शिरून जळून गेले. आज हॅमला (हौशी रेडिओवाल्याला) परावर्तक म्हणून खरोखर उपयोगी पडतील अशा दोनच वस्तू मला दिसतात: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आणि चंद्र.

स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि त्याचा विस्तार साधारण १०९ मीटर. अंतर कमी म्हणून सिग्नलचा वाटेतला तोटाही कमी (तो डेसिबलमध्ये मोजतात, दर १० डेसिबलला दहापट): ८०० किलोमीटरवरून परावर्तन धरले तर १४४ मेगाहर्ट्झवर जाऊन-येऊन सुमारे २३७ डेसिबल, तर चंद्राचा २५२. हे १५ डेसिबल मोहात पाडतात. पण स्थानक दहा मिनिटांच्या आत क्षितिजापार जाते, अँटेना सतत फिरवावी लागते आणि तेवढ्या वेळात डॉप्लरमुळे, म्हणजे वस्तूच्या वेगामुळे, फ्रिक्वेन्सी सहा-सात किलोहर्ट्झ वरून तेवढीच खाली घसरते. चंद्र तासन्‌तास आकाशात असतो, तासाला जेमतेम १४-१५ अंश सरकतो आणि उद्या पुन्हा उगवतो. शिकायला चंद्रच बरा, म्हणून हा लेख चंद्राचा आहे.

चंद्रावरून पहिला प्रतिध्वनी अमेरिकन लष्कराच्या 'प्रोजेक्ट डायना'ने १० जानेवारी १९४६ रोजी न्यू जर्सीतून पकडला. हौशी रेडिओवाल्यांचा पहिला दुतर्फा संपर्क जुलै १९६० मधला, मॅसॅच्युसेट्स आणि कॅलिफोर्नियातल्या दोन केंद्रांमध्ये १२९६ मेगाहर्ट्झवर. तेव्हा मोठ्या डिश आणि जास्त शक्ती लागत असे. आता एक लांब यागी (जुन्या टीव्ही अँटेनासारखी दांड्यांची अँटेना), शंभरेक वॅट आणि संगणक पुरतो, कारण खगोलशास्त्रज्ञ जो टेलर यांनी अशा क्षीण सिग्नलसाठी डिजिटल पद्धती घडवल्या. दुहेरी पल्सारच्या शोधासाठी १९९३ चे नोबेल मिळालेले टेलर ते हेच.

आधी बेरीज-वजाबाकी

हे गणित टाळू नका. पुढे कुठे पैसे घालायचे आणि कुठे नाही, हे त्यातूनच कळते.

तुमचे १०० वॅट म्हणजे ५० डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत इतके डेसिबल). पाचेक मीटर बूमच्या (मधल्या दांड्याच्या) यागीचा गेन, म्हणजे लहरी एका दिशेला एकवटण्याची क्षमता, १४ डीबीआय धरा. चंद्रमार्गाचा तोटा २५२. पलीकडचे केंद्र चार मोठ्या यागींचे, गेन २१. बेरीज केली की तिथे पोचले उणे १६७ डीबीएम. त्याच्या रिसीव्हरचा नॉइज (नको असलेली खरखर), २५०० हर्ट्झच्या पट्ट्यात आणि ३०० केल्विनला, सुमारे उणे १४०. म्हणजे सिग्नल नॉइजच्या २७ डेसिबल खाली. वर सांगितलेल्या डिजिटल पद्धतींपैकी क्यू६५ ही पद्धत साधारण तिथवरच वाचू शकते. अगदी काठावरचे काम.

आता उलट दिशा. तो १००० वॅट सोडतो, म्हणजे ६० डीबीएम. त्यात २१ मिळवा, २५२ वजा करा, तुमचे १४ मिळवा: उणे १५७. तुम्ही शांत खेड्यात असाल तर सिग्नल नॉइजच्या १७ डेसिबल खाली, म्हणजे आरामात डिकोड. पण शहरातल्या गच्चीवर नॉइज १० डेसिबलने जास्त असेल तर तोच सिग्नल २७ डेसिबल खाली, म्हणजे काठावर जातो आणि पडद्यावर बऱ्याचदा काहीच उमटत नाही.

म्हणून माझे ठाम मत: पहिला खर्च ॲम्प्लिफायरवर करू नका. ऐकू येणे आधी साधा. स्वतःचा प्रतिध्वनी अडीच सेकंदांनी कानावर पडेल ही अपेक्षाही बाजूला ठेवा. वरच्या गणितात दोन्ही बाजूंना १४ घातले तर सिग्नल नॉइजच्या ३४ डेसिबल खाली जातो. मोठ्या केंद्राशी संपर्क होतो तो त्याच्या अँटेनाच्या जोरावर.

पायरी १: क्षितिज निवडा

क्षितिजाजवळच्या चंद्राकडे आडव्या ध्रुवीकरणाची (आडव्या दांड्यांची) यागी रोखली की थेट लहर आणि समोरच्या जमिनीवरून परावर्तित झालेली लहर एकमेकींत मिळतात. जुळल्या तर ६ डेसिबलपर्यंत फुकटचा फायदा. एका यागीवाल्याला हा फायदा सोडून चालत नाही, वरची काठावरची वजाबाकी त्यानेच सुटते.

हा फायदा सलग मिळत नाही, पट्ट्यापट्ट्यांनी मिळतो. यागी जमिनीपासून १० मीटरवर असेल तर पहिले शिखर ३ अंश उंचीवर, ६ अंशांवर खड्डा, मग ९ अंशांवर दुसरे शिखर. यागी ५ मीटरवर असेल तर पहिले शिखर ६ अंशांवर आणि खड्डा १२ वर.

यात आपल्या अक्षांशाचा एक पेच आहे. युरोपात चंद्र तिरका चढतो, त्यामुळे तो खालच्या अंशांत बराच वेळ रेंगाळतो. महाराष्ट्रात तो जवळजवळ सरळ वर येतो, तासाला १३-१४ अंश. म्हणजे १० मीटर उंचीच्या यागीला पहिले शिखर चंद्रोदयानंतर सुमारे १३ मिनिटांनी, खड्डा २६ मिनिटांनी आणि दुसरे शिखर ४० मिनिटांनी. युरोपी लेखांतला 'पहिले दोन तास' हा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्याकडे यागी फार उंच नेण्यापेक्षा पाच-सहा मीटरवर ठेवलेली बरी. शिखर रुंद होते आणि हाताळणीही सोपी.

समोरची जमीन मोकळी हवी, आणि तीही लांबवर. ३ अंशांवर पाहताना १० मीटरच्या यागीचे परावर्तन दोनशे मीटर पुढच्या जमिनीवर आणि त्याही पलीकडे घडते. पाच मजली इमारतीच्या गच्चीवर पहिले शिखर दीड अंशावर उतरते, आणि तिथे समोरची इमारत आडवी येते. गच्चीपेक्षा शेताचा बांध चांगला. कोकणात पश्चिमेला समुद्र असल्याने चंद्रास्ताची बाजू उत्तम, पण पूर्वेला सह्याद्री आडवा येतो. देशावरच्या सपाट माळावर दोन्ही बाजू मिळतात.

कुठली बाजू कोणासाठी, तेही बघा. आपल्याकडे चंद्र मावळत असतो तेव्हा युरोपात तो अजून चांगला वर असतो, तर आपल्या चंद्रोदयाला जपान आणि ऑस्ट्रेलियाकडे तो आधीच चढलेला असतो. एका यागीशी बोलू शकतील अशी मोठी केंद्रे युरोपात पुष्कळ आहेत. त्यामुळे पश्चिम मोकळी असेल तर पहिला प्रयत्न चंद्रास्ताचा करा.

पायरी २: दिवस निवडा

घरातली दिनदर्शिका इथे खरोखर कामाची आहे. अमावास्येच्या आसपास चंद्र सूर्याजवळ असतो आणि सूर्याचा नॉइज थेट अँटेनात येतो. ते दोन-तीन दिवस सोडा. संकष्टीला गावोगावची चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, बहुधा रात्री नऊच्या मागेपुढे. त्या रात्री चंद्र सूर्यापासून लांब असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मावळतो. ती सकाळ युरोपसाठी सोयीची, निदान आपल्याला. तिकडे पहाट असते, पण चंद्राचे वेड असलेली माणसे पहाटे उठतात.

आणखी दोन गोष्टी पाहा. चंद्र धनु राशीकडे, म्हणजे आकाशगंगेच्या केंद्राजवळ असेल तर १४४ वर आकाशाचाच नॉइज कित्येक पटींनी वाढतो. महिन्यातले ते दिवस वाया जातात. दुसरे म्हणजे अंतर: चंद्र सर्वांत जवळ असताना आणि सर्वांत दूर असताना २.३ डेसिबलचा फरक पडतो. काठावरच्या कामात हा फरक मोठा. हे सगळे एका आकड्यात हवे असेल तर डब्ल्यूएसजेटी-एक्स या, टेलर यांच्या पद्धती चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची खगोलीय माहितीची खिडकी उघडा. तिथे 'डीजीआरडी' या नावाने त्या क्षणाची एकूण घट डेसिबलमध्ये दिसते. उणे १ किंवा २ असेल तर बसा, उणे ६ असेल तर दुसरे काम करा.

पायरी ३: नॉइजचा शोध

यात चार संध्याकाळी गेल्या तरी त्या कारणी लागल्या असे समजा. यागी आडवी धरून रिसीव्हर १४४.१२० च्या आसपास एसएसबी या मोडवर ठेवा, एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सारखी ठेवणारी सोय) बंद करा, आणि दर ३० अंशांनी सगळीकडे फिरवून नॉइजची पातळी वहीत लिहा. मग मेन स्विच पाडा, रिग (रेडिओ संच) बॅटरीवर चालवा आणि पुन्हा फेरी मारा. जो फरक पडला तो तुमच्याच घरातला. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, सेट-टॉप बॉक्स, राउटरचा ॲडॅप्टर, सोलर इन्व्हर्टर हे नेहमीचे गुन्हेगार. एकेक उपकरण सुरू करत गेलात की कोणते ते सापडते. फेराइटच्या कड्यातून वायरचे सहा-सात वेढे घेतले तर बरेच शमते, नाहीतर सरळ तो ॲडॅप्टर बदला.

मेन पाडूनही एखाद्या दिशेला खरखर राहिली आणि ती पाऊस पडला की बदलत असेल, तर विजेच्या खांबावरचा तडकलेला इन्सुलेटर शोधा. भाग लोडशेडिंगमध्ये गेला की बॅटरीवर ऐका. सगळा परिसर गप्प झाल्यावर बँडचा खरा तळ कळतो. ती नोंद जपून ठेवा, पुढे तुलनेला लागते.

नारायणगावजवळच्या खोडद परिसरात राहणाऱ्यांसाठी एक विनंती. तिथल्या जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या तीस डिश याच मीटर-लांबीच्या लहरींवर आकाश ऐकतात. त्या टापूत मोठ्या शक्तीने प्रसारण करण्याआधी त्यांच्याशी बोलून घ्या.

पायरी ४: यागी, केबल, प्रीॲम्प

यागी तयार घ्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्यांची घरी बनवा. घटक आडवे, बूम चार मीटरपेक्षा कमी नको. यागी वर उचलायला रोटेटर (अँटेना फिरवणारी मोटर) नसला तरी चालेल. अशा यागीची झोत-रुंदी तीसेक अंश असते, त्यामुळे आडव्या यागीलाही चंद्र १५ अंशांवर येईपर्यंत पकडता येतो, आणि दिशा अर्ध्या तासाने हाताने सरकवली तरी भागते.

केबलवर कंजुषी नको. १४४ मेगाहर्ट्झवर २० मीटर आरजी-५८ जवळपास ४ डेसिबल खाते, आरजी-२१३ पावणेदोनच्या आसपास आणि एलएमआर-४०० एक. आरजी-५८ वापरलीत तर तुमच्या १०० वॅटपैकी चाळीस वर पोचतात.

प्रीॲम्प (आलेला क्षीण सिग्नल वाढवणारा छोटा ॲम्प्लिफायर) यागीजवळ मास्टवरच, म्हणजे अँटेनाच्या खांबावरच बसवा, नॉइज फिगर (त्याने स्वतः घातलेला नॉइज) १ डेसिबलच्या आत. शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत), केबलच्या खालच्या टोकाला लावला तर केबलने खाल्लेले परत मिळत नाही. एफएम प्रसारणाचा मनोरा जवळ असेल तर प्रीॲम्पच्या आधी कमी तोट्याचा बँडपास फिल्टर लागेल, नाहीतर प्रीॲम्प गुदमरून खोटा नॉइज दाखवतो. प्रसारणाच्या वेळी प्रीॲम्प बाजूला काढणारा रिले आणि त्याचा सीक्वेन्सर हवाच: आधी रिले फिरला पाहिजे, मग आरएफ (प्रसारणाची शक्ती) गेले पाहिजे. हा क्रम एकदा उलटा झाला तर प्रीॲम्पचा ट्रान्झिस्टर जागीच जातो.

मृगाच्या आधी सगळे जोड आपोआप चिकटणाऱ्या रबरी टेपने बांधा. किनाऱ्यावर मिठामुळे जोड वर्षातून एकदा उघडून साफ करावे लागतात. ढगांचा गडगडाट सुरू झाला की केबल काढून बाहेर ठेवा.

पायरी ५: नेम धरायला सूर्य वापरा

होकायंत्रावर विसंबू नका. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरे उत्तर यांत फारसा फरक नाही, पण स्लॅबमधली सळई सुईला हवी तशी वळवते. सूर्य जास्त खरा. ऊन असताना सॉफ्टवेअरमधून सूर्याची त्या मिनिटाची दिशा पाहा आणि आडवी यागी फिरवा. मास्टची सावली आणि बूमची सावली एका रेषेत आली, की यागी नेमकी सूर्याच्या दिशेला आहे. त्या क्षणी रोटेटरचा किंवा मास्टवर रंगवलेल्या अंशपट्टीचा आकडा जुळवून घ्या.

लगेच दुसरी परीक्षाही घ्या. सूर्य खाली असताना यागी त्याच्यावर रोखा, मग तेवढ्याच उंचीच्या रिकाम्या आकाशाकडे. शांत जागी, चांगल्या प्रीॲम्पने, सूर्यावर नॉइज एक-दोन डेसिबल उठलेला दिसला पाहिजे. सूर्य खवळलेला असेल तर जास्तच. काहीच फरक दिसत नसेल तर पायरी ३ किंवा ४ मध्ये काहीतरी राहिले आहे. चंद्राकडे वळण्याआधी ते शोधा.

पायरी ६: आधी फक्त ऐका

संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून सेकंदाच्या आत जुळवा. सॉफ्टवेअरमध्ये क्यू६५ किंवा जेटी६५, एक मिनिटाचा कालखंड, आणि चंद्राच्या विलंबाची सेटिंग चालू. पद्धतीच्या नावापुढचे ए, बी, सी हे अक्षर दोन्ही केंद्रांवर सारखेच लागते, नाहीतर समोरचा सिग्नल पडद्यावर दिसूनही वाचला जात नाही. आपला ग्रिड (आपल्या जागेचा सांकेतिक क्रमांक) अचूक भरा: पुणे एमके६८, मुंबई एमके६९, कोल्हापूर एमके७६, नागपूर एमएल९१, पणजी एमके६५.

१४४.१०० ते १४४.१६० हा चंद्रवाल्यांचा वावर. डॉप्लर चंद्रोदयाला अधिक, चंद्रास्ताला उणे, जास्तीत जास्त सुमारे ४०० हर्ट्झ. एसएसबीच्या पट्ट्यात तो सहज मावतो, शोधाची रुंदी तेवढी ठेवली की झाले.

वॉटरफॉलवर (सिग्नलच्या सरकत्या चित्रावर) बहुधा काही दिसणार नाही. कधी एक फिकट, मधूनच तुटलेली उभी रेघ दिसेल. मिनिट संपल्यावर ओळ उमटली तर आधी 'डीटी'चा स्तंभ वाचा. तिथे अडीचच्या जवळचा आकडा असेल तर तो सिग्नल चंद्रावरून आला आहे. जाऊन-येऊन साडेसात लाख किलोमीटरचा तो विलंब आहे. शून्याजवळचा आकडा असेल तर सिग्नल जमिनीवरून किंवा विमानावरून आलेला.

नियमित ऐकू येईपर्यंत याच पायरीवर थांबा. इथवर साधा एसडीआर डोंगलही (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर) चालतो, फक्त त्याचा ऑसिलेटर तापमानाने न सरकणारा हवा.

पायरी ७: प्रसारण आणि संपर्क

परवाना उघडून तुमच्या श्रेणीला १४४–१४६ मध्ये किती शक्ती आणि कोणते प्रसारण प्रकार दिले आहेत ते वाचा, तेवढेच वापरा. शेतातून किंवा किनाऱ्यावरून प्रसारण करायचे असेल तर परवान्यावरच्या पत्त्याबाहेर ते चालते का, हेही आधीच पाहा.

यागी आडवी रोखलेली असते, म्हणजे झोत माणसांच्या उंचीवरून जाऊ शकतो. १०० वॅट आणि १४ डीबीआय, तर १० मीटर समोर दर चौरस मीटरला सुमारे २ वॅट पडतात. सर्वसामान्य लोकांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा या बँडवर तेवढीच आहे, आणि जमिनीचे परावर्तन त्यात भर घालते. समोर वीसेक मीटर कोणी फिरकणार नाही अशी सोय करा. शेजारच्या गच्चीवर मुले खेळत असतील तर त्या दिवशी प्रसारण नको.

क्यू६५ मध्ये दर एक मिनिटाआड जवळपास ५० सेकंद सलग वाहक जातो. एसएसबीसाठी शंभर वॅटचा म्हणून घेतलेला ॲम्प्लिफायर यात तापतो. पंखा लावा आणि साठ-सत्तरने सुरुवात करा. बॅटरीवर असाल तर १६-२० ॲम्पिअरची ओढ धरून चाला.

संपर्काचा क्रम ठरलेला आहे. तो सीक्यू (कोणीही उत्तर द्या अशी हाक) देतो, तुम्ही दोन्ही कॉलसाइन (केंद्रांची परवान्यावरची नावे) आणि ग्रिड पाठवता, तो रिपोर्ट (सिग्नल किती जोराचा ते) देतो, तुम्ही 'आर' (मिळाले) जोडून आपला रिपोर्ट देता, मग आरआरआर (सगळे मिळाले), मग ७३ (निरोप). एफटी८ ही हॅमची दुसरी डिजिटल पद्धत वापरलेल्याला हे ओळखीचे वाटेल. वेग मात्र निराळा: तीच ओळ चार-चार वेळा पाठवावी लागते आणि अर्धा तास लागला तरी ते वावगे नाही. भेटीची वेळ आणि फ्रिक्वेन्सी इंटरनेटवर आधी ठरवायला हरकत नाही. पण संपर्क चालू असताना रिपोर्ट किंवा 'ऐकू आलास' हे इंटरनेटवरून सांगितले तर तो संपर्क धरत नाहीत. कॉलसाइन, रिपोर्ट आणि पोच तिन्ही चंद्रावरूनच यायला हवीत. हा नियम मनापासून पाळा, या छंदाची सगळी किंमत त्यात आहे.

आयनोस्फिअरचे खेळ

सगळे बरोबर असूनही कधी तो तुम्हाला स्वच्छ येतो आणि तुम्ही त्याला मुळीच जात नाही. याचे कारण बहुधा फॅरडे फिरत. आयनोस्फिअरमधून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून) जाताना लहरीचे ध्रुवीकरण, म्हणजे तिच्या कंपनाची आडवी-उभी दिशा, फिरते, आणि त्यात पृथ्वीच्या गोलाईमुळे दोन देशांच्या 'आडव्या'मधला फरक मिसळतो. सॉफ्टवेअरच्या खिडकीत 'डीपोल' हा फरक अंशांत देतो आणि 'एमएनआर' दोन दिशांमधली कमाल तफावत डेसिबलमध्ये. यावर उपाय वाट पाहण्याचा. वीस-तीस मिनिटांत फिरत बदलते. आणि पहिल्या संपर्कांसाठी ज्यांच्या यागीत आडवे-उभे दोन्ही घटक आहेत अशी केंद्रे गाठा. ती आपले ध्रुवीकरण बदलून घेतात.

आपल्या भागात याहून वाईट एक गोष्ट घडते. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनोस्फिअर दाट असलेले दोन पट्टे आहेत. उत्तरेकडच्या पट्ट्याचा माथा गुजरात-मध्य प्रदेशावरून जातो, महाराष्ट्र त्याच्या लगत आहे. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, विशेषतः सूर्य सक्रिय असताना, सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत त्यात पोकळ्या उठतात आणि १४४ चा सिग्नल थरथरून विस्कटतो. त्या महिन्यांत संध्याकाळचा चंद्रोदय सोडून सकाळचा चंद्रास्त धरा. वरच्या सगळ्या खटाटोपात मला ही एकच सूचना द्यायची मुभा असती, तर हीच दिली असती, कारण परदेशी मार्गदर्शकांत ती क्वचितच सापडते.

पुढे

संपर्क जमू लागले की पहिली भर दुसऱ्या यागीची घाला. दोन्ही दिशांना अडीच-पावणेतीन डेसिबल मिळतात, ॲम्प्लिफायरने फक्त एकाच. त्यानंतर उंचीचा रोटेटर घ्या, म्हणजे चंद्रोदय-चंद्रास्ताच्या अर्ध्या तासापुरते अडकून राहावे लागत नाही.

७० सेंटिमीटर लहरलांबीच्या बँडकडे वळण्याचा विचार असेल तर एक अडचण आहे. जगभरचे चंद्रवाले ४३२ मेगाहर्ट्झवर भेटतात आणि भारतात हॅमना दिलेला पट्टा ४३४ ते ४३८ आहे. ४३२ वर ऐकता येईल, उत्तर देता येणार नाही. म्हणून १४४ वर चार यागींपर्यंत जाणे हाच आपल्यासाठी व्यवहार्य मार्ग, आणि चार यागींवर, खेड्यातल्या शांत जागी, स्वतःचा प्रतिध्वनीही पडद्यावर उमटवता येतो.